चेंडू पुढं का जात नाही

चेंडू कधी आपोआप बाहेर जात नाही, कुणीतरी तो घालवलेला असतो, हे मी लहानपणापासून धरून चाललो आहे. कोल्हापुरात फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. आमच्याकडं टीम असते तालमीची. मूळ कुस्तीचा आखाडा, पण आता तिथं लंगोटापेक्षा फुटबॉलचे बूट जास्त वाळत पडलेले दिसतात. तालीम पेठेची, आणि पेठेची ईर्षा जन्माची. शेजारच्या पेठेतला माणूस कितीही गोड बोलला तरी तो बोलतोय कशासाठी, हे आधी शोधायचं असतं. हे शिक्षण माझं आठवीतच पुरं झालं होतं. इंजिनिअरिंग वगैरे मग मी जोडीला केलं.

शारजात आम्हा कोल्हापूरकरांची एकच टीम आहे, कारण दोन तालमी होतील एवढी माणसंच इथं जमत नाहीत. सात जणांचा खेळ, हिरवं प्लास्टिकचं गवत, भोवती जाळी. एका पेठेचा गोलकीपर आणि दुसऱ्या पेठेचे डिफेंडर अशी मोट बांधलेली. इथं सगळे भाऊ-भाऊ, असं पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मला तेव्हाच शंका आली होती.

त्या सीझनला आमचे गोल होईनासे झाले. बचाव चांगला होता, गोलकीपर तर वाघ होता, पण पुढची फळी म्हणजे फाटकी झोळी. आणि त्या फळीचा मुख्य माणूस माझा धाकटा भाऊ होता. कोल्हापुरात त्याच्या डाव्या पायाला मान होता. त्या डाव्या पायावरच तो इथं आला. आमच्याच पेठेतल्या एका माणसाचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गोडाउन आहे, सगळे त्यांना मालक म्हणतात. मालकांनी त्याला स्टोअर असिस्टंट म्हणून व्हिसा दिला, पण खरा दिला तो फॉरवर्ड म्हणून. व्हिसाची मुदत आता संपत आली होती. मालक तो पुढं वाढवणार की नाही, हे गोलवर ठरणार होतं. असं कुणी उघड म्हणालं नव्हतं, पण कळायचं ते सगळ्यांना कळत होतं.

मॅच संपली की आम्ही बघे लोक कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात इथला दाट करक चहा घेत उभे राहायचो. सगळे चाळिशीच्या पुढचे, पोट सुटलेले, आणि सगळ्यांना फुटबॉल कळतो. एकाच्या मते दोष गवताचा होता. दुसरा म्हणायचा, पोरं बायकोच्या हातचं खाऊन जड झाली. तिसऱ्याला रेफ्रीचा संशय होता, पण तो त्याला जन्मभर होताच. मालक शेवटी बोलायचे.

"फॉरवर्ड लाइन खलास हाय," ते एकदा म्हणाले. "साडेतीनशे दिरहमचे शूज आणून दिले मी. म्हणजे आठ हजार रुपये. आणि गडी गोलसमोर घुसायलाच तयार न्हाई."

"सर्व्हिसच नाही त्याला, मालक," मी म्हणालो. "चेंडू पुढं आला तर घुसेल ना तो."

"माझ्याकडं खोकी उचलायला धा जण हायत," मालक म्हणाले. "ह्याला मी खोक्यांसाठी आणलेलं न्हाई."

माझा भाऊ तेव्हा माझ्या गाडीत पाय लांब करून बसला होता. त्याला हे ऐकू गेलं असणार, कारण काच खाली होती.

मला ताबडतोब दुसरा गुन्हेगार हवा होता, आणि तो मला दूर शोधावा लागला नाही. आमचा मिडफिल्डर. चेंडू मधून पुढं द्यायचं काम त्याचं. आणि तो होता पलीकडच्या पेठेतला. त्याच्या तालमीनं आमच्या तालमीला किती वेळा रडवलं आणि आम्ही त्यांना किती वेळा, याचा हिशेब दोन्हीकडं वेगवेगळा आहे. मी पुढच्या मॅचला माझ्या भावाकडं बघितलंच नाही, फक्त याच्याकडं बघत बसलो. आणि मला दिसलं. तो चेंडू भावाला देत होता, पण मुद्दाम लांब, अगदी रेषेजवळ, जिथं चिटपाखरू नाही. गोलसमोर भाऊ मोकळा असला तरी तिथं देत नव्हता. एकदा तर गोलची सगळी जाळी भावासाठी उघडी होती. यानं मान वर करून बघितलं, आणि चेंडू शांतपणे उलट्या बाजूला टाकला. चूक करणारा माणूस असा आधी बघून घेत नाही.

मग मी पाळत ठेवायला लागलो. तो दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये अकाउंट्सला आहे, माझं ऑफिस त्याच भागात आहे. तो राहतो तिकडंच. तरीही एका सुट्टीच्या दिवशी त्याची पांढरी गाडी मला शारजात, रोल्लाला, माझ्या भावाच्या बिल्डिंगखाली दिसली. भाऊ तिथं तिघांबरोबर एका खोलीत राहतो. मी फोन केला तर म्हणाला, "झोपलोय, दादा." आणि दहा मिनिटांत दोघं जिन्यातून खाली आले. पुढच्या प्रॅक्टिसला ते गाडीच्या आडोशाला बोलत होते. मी जवळ गेलो तसे गप्प झाले, आणि माझ्या भावानं मला हवामान सांगितलं. सख्ख्या भावानं, हवामान.

आता माझा संशय मिडफिल्डरवरून भावावर यायला लागला. हा फुटला की काय? दुसऱ्या कुठल्या टीमनं याला व्हिसा कबूल केला, आणि तोवर आमच्याकडं नुसतं उभं राहायचं ठरलं, असं तर नाही? बायकोपुढं हे सगळं मांडलं. ती पुण्याची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं स्थळ आलं तेव्हा माझ्या माहेरची एवढी चौकशी केली होती का हो तुम्ही?" ती म्हणाली.

मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली अ गेम." दोघींनाही पेठ नाही. त्यांना काय सांगणार.

मी दुपारच्या सुट्टीत मिडफिल्डरला तळ्याकाठी गाठलं. तो डबा उघडून बाकावर बसला होता. मी सरळ विचारलं, माझ्या भावाला गोलसमोर चेंडू का देत नाहीस? त्यानं घास खाली ठेवला.

"तुम्हाला दिसलं होय ते," तो म्हणाला.

"म्हणजे मुद्दाम करतोस."

"मुद्दामच करतोय."

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, आणि यानं कबूलच केल्यामुळं माझी पंचाईत झाली. का, म्हणून विचारलं तर त्यानं डब्याचं झाकण लावलं. "त्यालाच विचारा, दादा. मी शब्द दिलाय." त्याच्या तोंडी माझ्यासाठी दादा ऐकून मला आणखीच शंका आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी न सांगता रोल्लाला गेलो. खोलीतले बाकीचे कामावरून यायचे होते. भाऊ पलंगावर बसला होता, पॅंट मांडीपर्यंत वर गुंडाळलेली, आणि डावा गुडघा नारळाएवढा. मला बघून त्यानं चादर ओढली. ती ओढायला उशीर झाला होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. सीझनच्या सुरुवातीच्या एका मॅचपासून तो गुडघा असा होता. तो हेडर मारून खाली आला तेव्हा पाय आतल्या आत फिरला. आम्ही सगळे तिथंच जाळीला नाक लावून होतो, पण आम्ही चेंडू बघत होतो. मिडफिल्डरनं त्याला खाली उतरताना बघितलं. त्याचा स्वतःचा गुडघा पूर्वी असाच गेला होता. त्या दिवसापासून तो चेंडू लांब रेषेपाशी देत होता, म्हणजे अंगावर कुणी येणार नाही आणि भावाला एका पायावर निभावता येईल. सुट्टीच्या दिवशी तो त्याला ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडं घेऊन जायचा. सीझन संपला की नीट विश्रांती, व्यायाम, आणि पाय बरा होईल असं ती बाई म्हणाली होती. फक्त तोवर पायावर आघात नको, आणि मालकांना कळायला नको.

मला राग आला. वाईट नंतर वाटलं, आधी रागच आला. "मी कोण आहे तुझा? मला सांगितलं नाहीस, आणि त्या पलीकडच्या पेठेतल्याला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं न्हाई, त्यानं वळखलं," भाऊ म्हणाला. "आणि तुला सांगून काय झालं असतं? तू आईला बोलला असतास. आई जिन्यात वरच्या मजल्यावरल्या मालकांच्या बहिणीला बोलली असती. सांजच्याला मालक मला विचारत आले असते, पाय कसा हाय."

"मी नसतो बोललो."

तो नुसता हसला. मीही जास्त वाद घातला नाही.

"आणि त्यानं सांगितलं तरी आपल्या गल्लीत त्याचं कोण ऐकून घेतंय?" भाऊ म्हणाला. "तो पलीकडचा. म्हणून तर त्याच्यापाशी बिनघोर."

शेवटची मॅच राहिली होती. तिच्या आदल्या रविवारी सकाळी प्रॅक्टिसनंतर मालकांनी सगळ्यांना कॅफेटेरियात थांबवलं. बघेही होते, खेळाडूही होते. मालकांचंही आता मिडफिल्डरवर लक्ष गेलं होतं. मीच महिनाभर त्यांच्या कानी तेच घातलं होतं, तेव्हा जाणारच.

"ह्यो चेंडू पुढं देतच न्हाई," मालक म्हणाले. "पेठेची खोड हाय, जात न्हाई. ह्याला बाहेर बसवायचा. मधी माझा भाचा खेळंल, सगळे चेंडू गोलसमोर टाकंल. मग बघू फॉरवर्डच्या पायात किती दम हाय ते."

सगळ्यांनी माना हलवल्या. मिडफिल्डर कागदी कपात बघत होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटला असता. त्यानं उघडलं नाही. भाचा चेंडू गोलसमोर टाकणार, तिथं दोन दांडगे डिफेंडर अंगावर येणार, आणि मग गुडघाही जाणार आणि व्हिसाही. मी आजवर असल्या चर्चेत शेकडो वेळा बोललो आहे, पण चहाचा कप खाली ठेवून बोललो असं तेव्हाच झालं.

"त्याचा दोष नाही, मालक," मी म्हणालो. "मीच त्याला सांगितलं होतं, चेंडू लांब दे म्हणून."

"तू?"

"माझा प्लॅन होता. डिफेंडरना बाहेर खेचायचं आणि मधली जागा मोकळी करायची. नाही जमला."

"म्हंजे महिनाभर आमी हितं बोंबलतोय, आणि चेंडू तू अडवून धरला होतास?" मालक म्हणाले. "आणि वर मलाच सांगत होतास, सर्व्हिस न्हाई म्हणून?"

मी हो म्हणालो. गवताला दोष देणारा म्हणाला, आता सगळं लक्षात आलं. रेफ्रीवाल्यानं माझ्याकडं आणि मिडफिल्डरकडं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "कवापास्नं चाललंय हे तुमचं?" मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं. जर्सींची बॅग आणि टर्फ बुक करायचं काम माझ्याकडं होतं, ते काढून घेतलं. मालक माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गडी गुणी हाय आमचा. सख्ख्या भावानंच वाटोळं केलं." शेवटची मॅच काही गेलेल्या सीझनला वाचवणार नव्हती, तेव्हा भाचा राहू दे, जसं चाललंय तसं चालू दे असं ठरलं. व्हिसाचे कागद या आठवड्यात अर्ज भरायला टायपिंग सेंटरला पाठवतो, हेही ते त्याच दमात बोलून गेले. मिडफिल्डर जाताना माझ्याजवळ थांबला, पण सगळे बघत होते, म्हणून तसाच गेला.

मी भावाला माझ्या घरी घेऊन आलो. बायकोनं काही न विचारता फ्रीजमधलं मटारचं पाकीट काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. आम्ही जेवायला बसतोय तोवर आईचा फोन आला. हात भाताचा होता, म्हणून मी स्पीकर लावला.

"पलीकडच्या पेठेला सामील झालास म्हणं," आई म्हणाली. कॅफेटेरियातून कोल्हापुरातल्या आमच्या जिन्यात पोचायला बातमीला दोन तासही लागले नव्हते.

"कोण म्हणालं?"

"कोण का म्हणंना. धाकट्याच्या पायाशी चेंडू येऊ दिला न्हाईस, खरं का हे?"

भावानं जेवण थांबवलं.

"खरं आहे," मी म्हणालो.

मागं आईच्या कुकरची शिट्टी झाली. "तू तिथं हाईस म्हणून त्याला पाठवला मी," ती म्हणाली. "न्हाईतर एवढ्या लांब कशाला पाठवला असता?"

भावानं फोनकडं हात केला. त्याचे डोळे भरले होते, आणि तो आता सगळं सांगून टाकणार हे मला दिसलं. मी उष्ट्या हातानंच फोन उचलून कानाला लावला.

"चुकलं माझं, आई," मी म्हणालो.