पानावर नंबर नव्हता

“नुसतं ‘छान’ लिहाल तर पान परत!” असं म्हणून मॅडम दोन्ही तळहात झटकायच्या. खडूची भुकटी उडायची आणि पुढचा बाक खोकायचा.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. ठेंगणी, चालणं घाईचं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. जवळच्या मुर्री गावाहून स्कुटीवर यायच्या, कॉलेजात मराठी शिकवायच्या. मी गोंदियातल्या त्याच कॉलेजात शिपाई, कंत्राटावर. माहेर सांगलीकडचं, शाळा आठवीत सुटलेली. नवरा इथल्या राईस मिलमध्ये लागला म्हणून इतक्या लांब आले. रोज सकाळी धाकधूक, आज कुणी म्हणेल, उद्यापासून येऊ नका.

पहिल्या वर्षाची पोरं तोंडच उघडत नसत. घरात झाडीबोली, बाजारात हिंदी, पुस्तकात तिसरंच. बोलावं तर बाकीचे हसतील. मॅडमनी त्यावर एक रीत काढली. तासाला दहा मिनिटं लिहायचं. पानावर नाव नाही, मागे फक्त हजेरीचा नंबर. पानं मी गोळा करायची, पत्त्यांसारखी पिसायची आणि वाटायची. ज्याला जे पान येईल त्यानं ते वाचून खाली दोनच गोष्टी लिहायच्या: कुठे अडलो, आणि काय विचारावंसं वाटतं.

“मॅडम, मी तं कुठंच अडलो नाही,” एक जण म्हणाला.

“मग वाचलंच नाहीस तू. झोपला होतास का बे?”

एकदा विषय होता, ‘मी सोडलेली गोष्ट’. दाराशी स्टुलावर बसल्या बसल्या मीही एका कोऱ्या पानावर माझ्या सुटलेल्या शाळेचं लिहून काढलं. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही.

पानं वाटत शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि हात रिकामा. तिथल्या पोरानं आपलं पान दिलंच नव्हतं, खिशात कोंबलं होतं. त्यामुळे एक कमी पडलं.

“ताई, आटपा,” मॅडम म्हणाल्या.

घाबरले, आणि पदराखालचं माझंच पान त्याच्यापुढे ठेवून बाहेर आले.

थोड्या वेळानं तो उभा राहिला. दोन महिन्यांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. “मॅडम, याच्यावर नंबर नाही.”

मी दाराआडच थांबले. मॅडमनी पान घेतलं. बाहेरच्या फळ्यावरच्या सूचना मीच लिहायचे, अक्षर त्यांच्या ओळखीचं. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि पान त्याला परत दिलं. “नंबराचं मी पाहते. तू अडला कुठं?”

“ही सुट्टीतबी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसे. अन् बापाले सांगितलं, मले शाळा आवडत नाही, लहान भावाले पाठवा. खोटं काऊन बोलली?”

“भावाले शिकता यावं म्हणून असंन,” एक मुलगी म्हणाली.

“मंग तसं सांगाचं ना!”

“सांगितलं असतं तं बापाले किती लागलं असतं, रे!”

“अन् आता? आता तं सांगता येते ना?”

वर्ग पहिल्यांदाच भांडत होता, आपल्या बोलीत. मॅडम टेबलाला टेकून उभ्या. आणि माझ्याबद्दल चाललेलं ते भांडण मी दाराआडून ऐकत होते.

तास सुटल्यावर त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. “चुकलं, मॅडम. कामावरून काढू नका.”

“कायले काढीन? तो पोरगा आज बोलला.” त्यांनी पान माझ्या हातात दिलं. खाली वाकड्या अक्षरात होतं: ‘बापाले अजून सांगितलं नसंन तं सांगा.’

“मॅडम, आता कसं…”

“मला नका विचारू. वाचणाऱ्यानं विचारलंय, उत्तर लिहिणाऱ्यानं द्यायचं.”

वडिलांना फोन करायला मला दोन आठवडे लागले.

उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. त्या निघताना मी स्कुटीपाशी गाठून सांगितलं, “वडिलांना सांगितलं, मॅडम.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘जेवलीस का?’”

मॅडमनी माझा खांदा दाबला. मग स्कुटी सुरू केली.

आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. नवे सर टिपणं सांगतात, पोरं उतरवून घेतात, वर्ग पुन्हा शांत. मॅडमना एक गोष्ट सांगायची राहिली. हल्ली माहेरी फोन केला की वडील ‘जेवलीस का?’च्या आधी विचारतात, “आज काय वाचलंस गं?”