आपल्या घरात न चालणारा हात

देवबागच्या नर्मदाबाईकडे पावसाळ्यात खोकणारी पोरं आणत. अडुळसा, आलं, तुळस, दोन मिरी पाट्यावर ठेचून, आटवून ती काढा देई. मोबदला घेत नसे. मात्र काढा देण्याआधी पोराचं झबलं वर करून छाती बघायची. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात असतील तर साफ सांगायची, "ह्यां माज्या हातातला नाय गो. मालवणाक डॉक्टराकडे घेवन जा, आत्ताच्या आत्ता." तिच्या या नजरेवर गावाचा भरवसा होता.

औषधाबरोबर सासूने तिला एक नेमही दिला होता: आपल्या हाताचं औषध आपल्या घरात उलटतं.

सत्तावन्न सालच्या जुलैत तापाची साथ आली. नर्मदाबाईची दोन वर्षांची नात तुळसा तापाने फणफणली, खोकू लागली. मुलगा गुरुदास भर पावसात कट्टा गावी गेला आणि तिथल्या सहदेव वैद्याकडून तीन दिवसांच्या पुड्या घेऊन आला. वैद्याने पोर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सून प्रेमलता म्हणाली, "आये, औषद देव नका. नुसती बगा तरी."

"बगलंय तर हात आपसूक पुडे जातलो. नको गो बाय."

"गावच्या पोरांची झबली वर करतास, आनि हिचा नको?"

नर्मदाबाई ओटीवर जाऊन बसली. तिथे सावित्री शेजारीण पोराला घेऊन थांबली होती. त्याची छाती पाहून तिने काढा दिला. आतून तुळसाचा श्वास ऐकू येत होता. ती पावसाकडे कान देऊन बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलताने पोर उघडी करून सरळ सासूच्या मांडीवर ठेवली. बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. ओठ निळसर झाले होते.

"गुरुदासा! मालवणाक! धाव!"

गुरुदास पोरीला कांबळ्यात गुंडाळून वाळूतून धावत सुटला. तारकर्लीच्या पुढे त्याला धावायचं कारण उरलं नाही.

सुतक फिटलं. सावित्री पुन्हा पोराला घेऊन आली. नर्मदाबाईने झबलं वर केलं, छाती पाहिली, काढा दिला. दारात उभी राहून प्रेमलता सगळं बघत होती.

प्रेमलता सासूशी बोलली ती थेट दिवाळीच्या तोंडावर, आणि तेही, "पाटो धुवन ठेवा," एवढंच.