रेघ न ओढलेले सारवण

संपादक महाशय, आपल्या सदरातील भुताखेतांच्या हकिगती वाचून मी आपणांस आजवर केवळ निषेधाचीच पत्रे धाडली आहेत. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला पुराव्यावाचून केलेले विधान सोसत नाही. आज मात्र तसले एक विधान माझ्याच पदरी आहे... आणि ते मागे घेणे मला जमत नाही.

साताऱ्याहून सांगलीकडे येताना कृष्णाकाठी आमचे गाव लागते. घाटाच्या माथ्यावर पेशवाईतील धर्मशाळा होती — काळा दगड, सागवानी खांब, आत मातीची जमीन. कोयनेच्या भूकंपात तिच्या भिंतीला बोटभर भेग पडली, आणि विश्वस्त अप्पासाहेबांनी ती भेग मनोभावे जपली. इमारत आपोआप बसावी आणि तेथे मंगल कार्यालय उभे राहावे, एवढाच त्यांचा धर्म. मी अर्ज केले, स्मरणपत्रे लिहिली, पुन्हा अर्ज केले. अखेर आणीबाणी उठली त्या वर्षी नगरपालिकेने ठराव केला : मालक निगा राखत नसेल, तर जुनी वास्तू पालिकेने ताब्यात घेऊन दुरुस्त करावी.

पहिल्या पाहणीला मी हजर होतो. जमिनीवर वटवाघळांच्या लेंड्यांचा थर होता. निगा नव्हती, हे पंचांनी डोळ्यांनी पाहिले. सागवान चोरीस जाऊ नये म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी एकुलत्या एक दाराला कुलूप घालून लाखेचे सील केले. खिडक्या पूर्वीच चिणलेल्या होत्या. आता उरली होती अंतिम पाहणी. ती झाली की ताबा.

त्या सकाळी घाटाच्या पायऱ्या चढताना नगरसेविका आक्का म्हणाल्या, "आवं शिरस्तेदार, आज धर्मशाळा सुटली की तुमी पत्रं कशाची लिवनार? पोस्टमन तेवढा सुटला बिचारा!"

"गटारांचा विषय शिल्लक आहे, आक्का."

सील अभंग होते. मी पाहिले; अप्पासाहेबांनीही पाहिले. मुख्याधिकाऱ्यांनी ते तोडून दार उघडले, आणि ताज्या शेणाचा वास आला.

सारी जमीन सारवलेली होती. ओली. बोटांच्या कमानी एकीला एक लागून... एरवी सारवणारी बाई मागे सरत सरत दाराशी येते आणि उंबऱ्यावरून बाहेर पडते. येथे कमानी दारापासून निघून आतल्या भिंतीशी संपल्या होत्या. त्यांवर पाऊल उमटलेले नव्हते. भिंतीशी कोणीही नव्हते.

अप्पासाहेब प्रथम सावरले. "बघा सायेब! आमी निगा राखतो ती ही अशी."

"सील असताना? शिरलात कोठून?" मी ओरडलो.

"मग तुमी सांगा, कोन शिरलं? सांगा की! सायेब लिवून घेत्यात."

आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न मी विचारीत आलो होतो.

मुख्याधिकारी हलक्या आवाजात म्हणाले, "शिरस्तेदार, सील माझे आहे. ते कोणी चुकवले असे लिहिले, तर माझी नोकरी जाईल. जमीन सारवलेली आढळली, एवढेच मी लिहितो."

आक्का उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. त्यांची थट्टा कोठल्या कोठे गेली होती.

"रांगुळीची रेघ न्हाई ओढल्याली," त्या म्हणाल्या.

"त्याचे काय?"

"आवं, सारवलं की येक रेघ तरी ओढत्यातच. मोकळं सारवन ठेवत्यात ते... घरातनं मयत उचलल्यावर."

ताबा रद्द झाला. पुढल्या उन्हाळ्यात अप्पासाहेबांनी धर्मशाळा पाडली. मी कलेक्टरांना लिहिले, मुंबईला लिहिले. सर्वत्र एकच उत्तर — 'जमीन सारवलेली, सबब निगा राखली जात असल्याचे पंचनाम्यात नमूद आहे.' आज तेथे मंगल कार्यालय आहे. तेथील लग्नाच्या पत्रिका मी परत पाठवितो.

ती सारवणारी कोण होती, कोठून आत आली आणि भिंतीशी पोचल्यावर कोठे गेली, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. माझा राग अप्पासाहेबांवर आहे, मुख्याधिकाऱ्यांवर आहे. खरे सांगावयाचे तर तिच्यावरही आहे. माझी बाजू तिनेच बुडविली. मात्र आमच्या घरी पुढला सोपा सारवून झाला की मी हातातले पत्र बाजूला ठेवून उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो.

"काय बघताय एवढं?" पत्नी विचारते.

"काही नाही," मी म्हणतो. "तू रेघ ओढ."