मॅस्लनांचा डोळा

आल्बन मॅस्लनला स्वस्थ बसता येत नसे. त्याची बायको म्यूरिएल हिचे हे मत लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाले आणि ती जाईपर्यंत बदलले नाही. खोऱ्यातल्या शेतांवर जनावरांचे खाद्य पोचवणारी गाडी त्याने उभा जन्म चालवली. पोती उतरवून झाली की शेतकरी त्याला चहाला बोलवत. आल्बन कप हातात घेऊन अंगणात येरझारा घालत चहा पिई आणि कप भिंतीवर ठेवून निघून जाई. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्याचा गुडघा हलायला लागे, मग म्यूरिएल त्यावर हात ठेवी. तो हात हलका नसे.

तो शांत बसे ते वर्षातून एकदाच, घोडीच्या डोळ्यात.

ऑल्डकोम गावाच्या वर डोंगराच्या उतारावर ही घोडी आहे. डोंगर खडूचा. वरचे गवत आणि वीतभर माती खरवडली की खाली पांढरेशुभ्र लागते. कोणे एके काळी, गावात चर्च नव्हते आणि बहुधा गावही नव्हते तेव्हा, कोणीतरी तशी खरवडून उतारावर एक लांबलचक घोडी काढून ठेवली. का काढली ते कोणालाच माहीत नाही. बाहेरचे लोक तिला घोडा म्हणतात. गावात तसे म्हटले तर दुरुस्त करतात. गवत दोन्ही कडांनी आत सरकत राहते, पाऊस खडू धुऊन नेतो, म्हणून दर उन्हाळ्यात गाव वर जाते, कडा कापते, नवा खडू पसरते आणि हातोड्यांनी ठोकून बसवते. याला घोडीची घासणी म्हणतात. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला आहे. पिनेलांकडे मान, स्लोपरांकडे पाठ, आणि मॅस्लनांकडे डोळा.

डोळा म्हणजे एक मोठा गोल ठिपका. एका माणसाने मांडी घालून बसावे एवढाच. पण अख्ख्या घोडीत सगळे आधी बघतात तो डोळा. मॅस्लनांच्या घरात सांगत असत की पणजोबांचा हात इतका स्थिर होता, की गावाने एकमताने डोळा त्यांना दिला. आल्बनचे आजोबा हे सांगायचे, वडील सांगायचे, आणि आल्बनने हे म्यूरिएलला इतक्यांदा सांगितले होते की ती त्याच्या आधी वाक्य पुरे करी.

म्यूरिएल गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात तो जिन्यावरून पडला. फारसे काही मोडले नाही, पण मुलगी जानीन हिने ऐकले नाही. घर विकले गेले आणि आल्बन डोंगरापलीकडच्या शहरात, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. खोली उबदार होती, पलंग चांगला होता. तो दिवसभर जिना चढत उतरत असे. शेजारणीला वाटले म्हातारा काहीतरी हरवलेले शोधतोय.

मे महिन्यात हेस्टर पिनेलचा फोन आला. ही त्याच्या वर्गातली, लहानपणी त्याच्या डोक्यात पाटी घातलेली, आणि आता घासणीचे सगळे तीच बघते.

"आल्बन, घासणी जवळ आली. तुझ्या घरातल्या बाई विचारत होत्या, डोळ्याचं काय करायचं?"

"माझ्या घरातल्या बाई?"

"ज्यांनी घर घेतलं त्या रे. मिसेस क्रेन. चांगल्या आहेत. वाटा घराचा असतो, माणसाचा नसतो, हे तुला मी सांगायला नको. घरातून घोडी दिसली पाहिजे."

"माझ्या घरातून दिसते."

"शहरातून? मधे सबंध डोंगर आहे, आल्बन!"

"दिसते म्हटलं ना."

मग हेस्टर म्हणाली, "मग दाखव. दिसत असेल तर डोळा तुझा. मी स्वतः सांगेन त्यांना."

फोन ठेवल्यावर तो तडक जिन्यावर गेला. इमारतीच्या सगळ्यात वरच्या वळणावर एक खिडकी होती. तिच्यातून घरांची छपरे, कालव्याची रेघ, त्यापलीकडे डोंगराची मागची बाजू दिसे. आणि त्या बाजूच्या कडेला, अगदी निरभ्र दिवशी, काहीतरी पांढरे. ते त्याने मार्चमध्ये एकदा पाहिले होते. त्यानंतर एकही दिवस हवा धड नव्हती. कधी पाऊस, कधी धुके, आणि ऊन पडले की उन्हाचाच पांढरा पडदा. तो सकाळी उठून आधी खिडकीशी जाई, मग दात घासायला. दुपारी जेवण अर्धे टाकून जाई. जुनी दुर्बीण गळ्यातच असे.

"बाबा, ती काचघरं आहेत," जानीन म्हणाली. "टोमॅटो लावतात तिथे. मी रोज त्याच रस्त्याने जाते."

"टोमॅटोला मान असते का?"

"तुला तिथे मान दिसतेय?"

त्याने पुन्हा दुर्बीण लावली. दिसत नव्हतीच. पांढरे दिसत होते एवढेच. आणि तेही काल डावीकडे होते, आज थोडे उजवीकडे वाटत होते. रात्री झोप लागेना. घोडीच्या डोळ्यात ती क्रेनबाई बसली आहे, हातात कसले तरी फुलाफुलांचे मोजे घातले आहेत आणि खडू वरवर थापटते आहे, असे त्याला दिसे. वरवर थापटलेला खडू पहिल्या पावसात वाहून जातो. मग गवत येते. मग घोडी आंधळी.

शेवटी त्याला एक उपाय सुचला. इथून घोडी दिसत असेल, तर घोडीवरून हे घरही दिसायला हवे. जानीनने जिन्याच्या खिडकीतून आपली लाल चादर बाहेर धरायची, आपण डोळ्यात उभे राहून दुर्बिणीने बघायचे.

"शेजारी काय म्हणतील?"

"म्हणतील, चादर वाळत घातली."

"हातात धरून?" जानीन म्हणाली. पण ती बापाला ओळखत होती. त्याचा जिना थांबावा म्हणून तिने हो म्हटले.

घासणीच्या शनिवारी तो पहिल्या बसने ऑल्डकोमला उतरला. हवा स्वच्छ होती. चढ चढताना गुडघ्याने कुरकुर केली, पण तो थांबला नाही. वर माणसे जमली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खडूचे ढीग उतरवलेले, गवतावर थरमास, डुकराचे मांस भरलेल्या गोल पेस्ट्र्या, कुणीतरी आणलेला सफरचंदाच्या दारूचा बुधला. पोती घडी करून गुडघ्याखाली घेतलेली माणसे कडा कापत होती. चंडोल वर कुठेतरी ओरडत होते.

डोळ्याशी एक मध्यम वयाची बाई उभी होती. हातात कोरा करकरीत हातोडा. हातमोजे नव्हते.

"मिस्टर मॅस्लन? मी फेलिसिटी क्रेन. मी अजून कशालाही हात लावलेला नाही. तुमची वाट बघत होते."

आल्बन सबंध रस्ताभर रागाची तयारी करून आला होता. हे ऐकून तो नुसता "हं" म्हणाला आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

हेस्टर काठी टेकत आली. जिन्याच्या खिडकीचा आणि चादरीचा बेत त्याने तिला फोनवर सांगितला होता. "काय, राजेसाहेब, राजवाडा सापडला का?"

"थांब जरा."

"आणि जिना घरात धरायचा का, ते अजून ठरायचंय."

"जिन्याचा केर मीच काढतो."

आसपासचे हातोडे थांबले. आल्बनने डोंगराच्या खांद्याच्या कडेने दिसणारी शहराची छपरे धुंडाळली, कालवा, पाण्याची टाकी. आणि टाकीच्या डावीकडे, उंचावर, लाल.

"दिसलं! तिथे. लाल."

"मला तर अख्खं शहरच धुक्यासारखं दिसतं," हेस्टर म्हणाली. "माझे डोळे आता सूप ओळखण्यापुरते. तू म्हणशील तेच धरणार. पण तिला म्हणावं, जरा हलव."

त्याने फोन लावला. "जानीन, चादर हलव."

"हलवतेच आहे, बाबा. हात गळून पडायची वेळ आली. खालचा माणूस विचारून गेला, आग लागली का म्हणून."

आल्बनने पुन्हा बघितले. लाल तसेच होते. चौकोनी, ताठ. वारा होता, पण त्याची एक कडाही हलत नव्हती. कुठल्याशा दुकानाची पाटी असावी.

"हलतंय का?" हेस्टरने विचारले.

सगळे त्याच्याकडे बघत होते. दुर्बीण एकच होती आणि ती त्याच्या हातात होती. हो म्हटले असते तर कोणी काही म्हणाले नसते. क्रेनबाईंनी हातोडा पुढे केला असता. तो बसला असता, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या. फोनमधून जानीन विचारत होती, "बाबा? दिसतेय का मी?"

"नाही," तो म्हणाला. दोघींनाही. "ते दुसरंच काहीतरी आहे."

कोणी हसले नाही, हे त्याला हसण्यापेक्षा जास्त लागले.

"मग चालत बघ," हेस्टर म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मानेवरून, पाठीवरून, खाली. कुठून तरी दिसेल. जिथून दिसेल तो तुझा वाटा."

"माझा वाटा डोळा आहे."

हेस्टरने काठी बदलली. "आल्बन, डोळा तुमच्याकडे का होता असं तुला वाटतं?"

"पणजोबांचा हात..."

"तुझ्या पणजोबांच्या हाताला मी काही म्हणत नाही. पण तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसायचं, सांग. डोकं. बाकीची घोडी आमच्या गोठ्याच्या छपराआड. आमच्या माडीवरून मान दिसते, म्हणून मान आमची. ज्याला जेवढं दिसतं तेवढं त्याने राखायचं. बिघडलं तर आधी त्यालाच कळणार ना? माझी आई सांगायची हे. मला वाटलं, तुमच्याकडेही सांगत असतील."

क्रेनबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या खिडकीतून खरंच डोकंच दिसतं."

चार पिढ्यांचा स्थिर हात एका गोठ्याच्या छपरावर येऊन थांबला होता. त्याने फोन कानाला लावला, "हलवत राहा," म्हणाला आणि चालायला लागला.

घोडीवर उभे राहिले की घोडी दिसत नाही. पायाखाली नुसती पांढरी पायवाट असते, वळत जाणारी. मानेवर पिनेलांची पोरेबाळे बसली होती. पुढे पाठ लागली. तो दर थोड्या पावलांनी थांबे, दुर्बीण लावी, काढी.

"काय आल्बन, लंडन दिसलं का?" रॉली स्लोपर ओरडला.

"काम कर तुझं."

"करतोय. पण तू आमच्या ओल्या पाठीवरून चाललास, बूट बघ!"

पाठ संपली तरी डोंगराचा खांदा मधे येतच होता. पाण्याची टाकी आली, गेली. फोनमध्ये जानीन कुणाला तरी सांगत होती, "नाही हो, वडील डोंगरावर आहेत." रेघ अरुंद होत गेली. मागल्या अंगाला उतार एकदम वळतो, तिथे शेपटी डोंगराच्या पलीकडल्या बाजूला झुकते. तिथे कोणीच नव्हते. गवत दोन्हीकडून आत आले होते, खडू करडा पडला होता. शेवटचे टोक तर पायाने चाचपूनच शोधावे लागत होते.

तिथे उभे राहून त्याने दुर्बीण लावली. एक इमारत. वरची खिडकी. आणि तिच्यात लाल काहीतरी वर, खाली, पुन्हा वर, भयंकर जोरात, जणू कोणी आगगाडी थांबवत होते.

"दिसलीस," तो म्हणाला.

"खरंच?" जानीन किंचाळली. "डोळ्यातून?"

"शेपटीतून."

"अरे बापरे. मग आता?"

"आता चादर आत घे. मळेल."

हेस्टर मागून पोचायला वेळ लागला. ती धापा टाकत होती. "ही कुणाचीच नाही," ती म्हणाली. "कुठल्याच घरातून दिसत नाही. उरलेसुरले लोक येऊन करतात, म्हणून हा अवतार. तुला नको असेल तर खाली चहा आहे, बस वेळेवर आहे. कोणी वाईट म्हणणार नाही."

"मी काय म्हणालो का नको?"

"तोंड तसं केलंस."

"तोंड माझं असंच आहे. खडू पाठव, हातोडा पाठव. आणि कडा कापायची सुरी. ती बोथट असेल तर नको."

तो गुडघ्यावर बसला. गवताची मुळे घट्ट होती, ओढली की खालचा खडू भुगा होऊन वर येई. डोळा गोल होता, त्याची कड हाताला पाठ होती. इथे कड कुठे आहे तेच कळत नव्हते. त्याने एका ठिकाणी कापले, मागे सरकून बघितले, चुकले असे वाटले, दुसरीकडे कापले. रॉलीने खडूची पाटी आणून ओतली आणि काही न बोलता गेला, तेही त्याला खटकले.

मग वरून आवाज आला. डोळ्याकडून. हातोडा पडत होता, हलका, बिचकत, दोनदा इथे, एकदा तिथे. आल्बनने मान वर केली. शेपटीवरून डोळा दिसत नव्हता. मधे घोडीची सगळी पाठ होती आणि त्यावर वाकलेली माणसे.

तो उठला. चार पावले वर गेला. थांबला. परत येऊन बसला. हातोडा तसाच, मधोमध, वरवर.

"कडेकडून!" तो शेवटी ओरडला. "आधी कडेने ठोका, मग आत या! आणि जोर लावा, ती काही रडत नाही!"

पाठीवरच्या स्लोपरांनी ते वर पोचवले. मानेवरच्या पिनेलांनी पुढे. वरचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, निराळ्या तालात, जरा जड.

बरोबर होते की चूक, ते तिथून सांगता येत नव्हते. आल्बन हातातला हातोडा तसाच धरून ऐकत राहिला.