डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी

यशोधरा रोकडे इंग्रजी शिकली ती औषधांच्या खोक्यांतून. माहेर उल्हासनगर कॅम्प पाचचं, शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. लग्नानंतर ती मोरिवलीजवळच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली. बाटली, चमचा आणि घडी घातलेला माहितीचा कागद खोक्यात भरायचा, झाकण दाबायचं, पुढे ढकलायचं. बावीस वर्षं तिने हेच केलं. बाकीच्या बायका त्या कागदाची फक्त घडी बघत. यशोधरा मजकूर वाचायची. अडलेला शब्द चहाच्या सुट्टीत वहीत उतरवायची, घरी जुन्या डिक्शनरीत शोधायची आणि समोर मराठीत अर्थ लिहायची. एकदा लहान मुलांच्या सिरपच्या खोक्यात मोठ्यांच्या गोळ्यांचा कागद चालला होता, तो तिनेच पकडला. त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली.

कंपनी सुटली तेव्हा वहीत अकराशे चाळीस शब्द होते. पालेगावातल्या नव्या बिल्डिंगमध्ये रिकामं बसणं तिला जमेना. मुलगा आकाश नोकरीनिमित्त पुण्याला, नवरा भगवान दिवसभर कामावर. मग तिने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी सतरंजी टाकली, भिंतीला फळा टेकवला आणि सहावी ते आठवीची मुलं गोळा केली. फी नाही. रविवारी फक्त तीनच शब्द, पण अवघड. अट एकच: शब्द घरी न्यायचा आणि तो आपल्या घरात, आपल्या गल्लीत कुठे राहतो ते शोधून आणायचं.

मुलं शोधून आणायची. ‘रिलक्टंट’ म्हणजे मनातून तयार नसलेला. वरच्या मजल्यावरचा सम्यक म्हणाला, “मावशी, आमचं मांजर आंघोळीला रिलक्टंट आहे.” ‘ग्रॅज्युअल’ म्हणजे हळूहळू होणारं. पालेगावच्या जुन्या घरांतली किर्ती म्हणाली, “आमच्या खिडकीतून डोंगर ग्रॅज्युअली गेला. आधी दोन मजल्यांमागे, मग सात, मग पूर्णच.” यशोधराने ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

किर्ती सातवीत होती. तिची आई नव्या टॉवरमधल्या चार घरांची कामं करायची. एका रविवारी यशोधराने फळ्यावर एफ-ए-टी-आय-जी-यू-ई लिहिलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, “फॅटिग्यू. म्हणजे असा थकवा, जो झोपून उठलं तरी जात नाही.”

किर्ती लगेच म्हणाली, “म्हणजे माझ्या आईला होतो तो.”

पुढच्याच आठवड्यात शाळेत ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजीत बोलायचं होतं. किर्तीने तो शब्द घातला आणि तसाच उच्चारला. वर्ग हसला. इंग्रजीच्या राजसी मॅडमनाही हसू आवरलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत किर्तीचं नाव ‘फॅटी’ पडलं होतं. पोर अंगाने जरा भरलेली, त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नाही.

हे यशोधराला कळलं ते किर्तीच्या आजीकडून. राजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

“पोर दोन दिस शालंत गेली नाय,” त्या म्हणाल्या. “तुमी काय शिकवलाव तिला? सगली हसतान.”

त्या गेल्यावर यशोधराने मोबाइलवर तो शब्द लिहिला आणि आवाजाच्या खुणेवर बोट ठेवलं. फोनमधली बाई म्हणाली, “फटीग.” यशोधराने पुन्हा दाबलं. फटीग. चार वेळा ऐकलं. मग तिने वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक शब्द ऐकायला घेतला. पहिल्या विसांत नऊ चुकले. पुढे ऐकण्याची हिंमत झाली नाही.

तिच्या लक्षात आलं, की यातले बहुतेक शब्द तिने आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेच नव्हते. कंपनीत ते कागदावर होते. कागद बोलत नाही. बावीस वर्षं ती या शब्दांना नुसती बघत आली होती आणि त्यांचे आवाज तिने स्वतःच मनाने ठरवून टाकले होते.

दोन रविवार सतरंजी पडली नाही. भगवान म्हणाला, “अगं, एका शब्दाचं काय एवढं घेऊन बसलीस?”

“एक नाही हो,” ती म्हणाली. “किती आहेत तेच माहीत नाही.”

शेवटी एका संध्याकाळी ती किर्तीच्या घरी गेली. किर्ती ओट्यावर मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

“माझं चुकलं किर्ती. उच्चार मला माहीत नव्हता.”

“माहीत नव्हता तर शिकवला कशाला?”

यशोधरा म्हणाली, “मला माहीत नाही, हेच मला माहीत नव्हतं.”

किर्ती मेथी निवडत राहिली. “मला फॅटी म्हणतात,” ती खाली बघूनच म्हणाली. यशोधरा जुडीतल्या चार काड्या घेऊन तिच्याशेजारी बसली. त्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ती शाळेत गेली. राजसी मॅडम तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान. पालक तक्रार घेऊन आल्यात असं समजून त्या आधीच सावध झाल्या.

“मी हसायला नको होतं, मान्य आहे,” त्या म्हणाल्या. “पण ताई, सातवीच्या मुलीला इतके जड शब्द कशाला? आधी साधं बोलता येऊ दे.”

“मॅडम, तिची आई ‘थकलेय’ म्हणाली, की लोक म्हणतात ‘झोप काढ’. तिला जे होतं ते त्याहून वेगळं आहे, आणि त्याला शब्द आहे हे त्या पोरीला कळलं. अर्थ तिने बरोबर लावला होता. चुकला तो आवाज, आणि तो माझा होता.” यशोधराने वही टेबलावर ठेवली. “मला हे वाचून दाखवाल का? कधीच ऐकलेले नाहीत मी.”

राजसी मॅडमनी पानं उलटली. एकेका शब्दासमोर बारीक अक्षरात मराठी अर्थ, कुठे कुठे कंपनीतल्या शाईचे डाग. बऱ्याच वेळाने त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. “हा मलाही बघावा लागेल,” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. तेव्हापासून त्या दर शुक्रवारी वीस शब्द मोबाइलवर बोलून पाठवू लागल्या.

सतरंजी पुन्हा पडली. पहिल्या रविवारी यशोधराने फळ्यावर आपले चुकलेले शब्द लिहिले, बाजूला योग्य उच्चार लिहिला आणि सांगितलं, “हे मी तुम्हाला चुकीचे शिकवले. आज बदलून घ्या.” एका पोराला हसू आलं. दोन मुलं पुढच्या रविवारपासून आली नाहीत, त्यांच्या आयांनी बदलापूरला क्लास लावला. यशोधराला ते लागलं, पण ती कुणाकडे विचारायला गेली नाही.

किर्ती दीड महिन्याने आली. शाळेतलं ते नाव तोवर गेलं नव्हतं. पुढे आठवीतही ते अधूनमधून ऐकू यायचं. ती मागे बसली आणि यशोधराचा मोबाइल मागून घेतला. “तुम्ही म्हणा,” ती म्हणाली, “मी तपासते.”

आता तसंच चालतं. यशोधरा शब्द वाचते, किर्ती तो फोनवर लावते. जुळला तर मान हलवते, नाही जुळला तर सगळ्यांसमोर “चूक” म्हणते. सगळ्यांसमोर असं ऐकणं आजही यशोधराला बोचतं. मग ती ओल्या फडक्याने फळ्यावरचा उच्चार पुसते, नवा लिहिते आणि मुलांना विचारते, “हा कोणाच्या घरात राहतो?” हात वर येतात, आणि त्या हातांकडे बघता बघता ती बोच जाते.