बांगडीचा ठसा

नात चॉकलेट चिप कुकीजवर काट्या-चमच्यानं रेघा ओढत बसली होती. ओव्हनमधून करपल्याचा वास आला आणि मी मनानं लहानपणीच्या गेवराईच्या बेकरीत जाऊन उभी राहिले.

दुष्काळाचं साल होतं. दिवाळीच्या बिस्किटांचं पीठ, डालडा, साखर आपणच बेकरीत न्यायची. ट्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची काट्याच्या रेघांची, आमच्या रानात खुरपायला येणाऱ्या गयाबाईची बांगडीच्या ठशाची. आमची साखर कारखान्यानं सभासदांना दिलेली. तिची, महिनाभर बिनसाखरेचा चहा पिऊन साठवलेली. दुसऱ्या दिवशी ती लेकरांना घेऊन ऊसतोडीला निघणार होती.

रेघांचा ट्रे करपून निघाला. आई शांतपणे म्हणाली, "बांगडीचा आमचा."

बेकरीवाला पुढचा ट्रे भट्टीत सरकवायला वळला. गयाबाई माझ्याकडं वळली. "तूच सांग बाई, कोणता तुमचा हाय?"

नऊ वर्षांची होते, पण रेघा मीच ओढल्या होत्या. मी बांगडीच्या ट्रेकडं बोट केलं.

"आसंल वैनी," म्हणत तिनं करपलेली बिस्किटं डब्यात भरली.

आमची लई खुसखुशीत झाली होती. सगळ्यात जास्त मीच खाल्ली.