खेडेकर सरांचा कोनाडा

खेडेकर सर वर्गाच्या दाराशी आले की आधी खिसा रिकामा करत. कोटाच्या खिशातून विड्यांचं बंडल आणि आगपेटी काढायची, दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. त्यांच्या मागोमाग आम्ही तिघी मुली. तेव्हाची रीतच तशी होती. मुलींनी लेडीज रूममध्ये बसून राहायचं, सर निघाले की त्यांच्या मागे मान खाली घालून वर्गात यायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागे बाहेर पडायचं. सरांच्या आधी दाराबाहेर पाऊल टाकणारी मुलगी आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायची होती.

राज्य नवं होतं, कॉलेजही नवं होतं, इमारत तेवढी जुनी. संस्थेला जागा मिळेना म्हणून एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, अर्धं गोदाम आम्हाला मिळालं होतं. अर्ध्यात इतिहास शिकवला जाई आणि उरलेल्या अर्ध्यात हंगामभर कापूस भरलेला असे. मध्ये पत्र्याची आडभिंत, तीही गंजून भोकं पडलेली. त्या भोकांतून कापसाचे तंतू उडत येऊन आमच्या वेण्यांवर बसायचे. आम्हाला त्याचं हसू येई, सरांना येत नसे. त्यांचे वडील अशाच एका जिनिंगचे पहारेकरी होते. तिथे मालकसुद्धा फाटकात आगपेटी ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. तीच शिस्त सरांनी वर्गाला लावली. एरवी सर पुस्तकी मराठीत शिकवत, पण काळजी वाटली की त्यांच्या तोंडी घरची भाषा येई. नव्या मुलांना ते पहिल्या दिवशी सांगत, "कापूस झोपेल हाये. आपण शिकू, त्याले उठवायचं नाही."

मुलं हसत का होईना, पेट्या कोनाड्यात ठेवत.

मग दिनकर आला. धामणगाव बढ्याचा, उंचपुरा, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. जिनिंग त्याच्या काकांची आणि संस्थेतही काकांचाच शब्द चाले. पहिल्या दिवशी तो कोनाड्यापुढून सरळ आत गेला आणि शेवटच्या बाकावर, पत्र्याला पाठ लावून बसला. सरांनी आगपेटी मागितली तेव्हा म्हणाला, "जिनिंग माह्या काकाची हाये, सर. मी काऊन ठेवू?" वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले, आणि त्यांची पाठ वळताच मागे काडी ओढल्याचा आवाज झाला.

पुढे तो खेळच झाला. सरांनी खडू उचलला की मागे काडी पेटायची, आणि सर वळेपर्यंत विझलेली असायची. विडी ओढायची होती म्हणून नव्हे, सरांचा चेहरा बघायचा होता म्हणून. त्या आवाजासरशी सरांचे खांदे आखडत. मुलांना वाटे, माणूस भित्रा आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

सर प्रिन्सिपॉलांकडे गेले. जागा ज्यांची त्यांच्याच पोराला कसं काढायचं, एवढं वर्ष सांभाळून घ्या, असं उत्तर मिळालं. काकांकडे गेले तर काकांनी चहा पाजला आणि पोराच्या खोड्यांचं कौतुक केलं. त्याला निदान वर्गाबाहेर तरी घालवा, असं मी एकदा धीर करून म्हटलं. सर म्हणाले, "घालवला तं तो पत्र्याच्या तिकडं जाऊन बसन. इथं माह्या डोयासमोर तं हाये."

त्यानंतर सरांनी फळ्याकडे वळणंच सोडलं. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. सर दिनकरच्या बाकाजवळ उभे राहून सांगत आणि मी लिहीत असे. आता वर्गाकडे पाठ माझी होती. मला काही दिसत नसे, नुसतं ऐकू येई. सरांचा आवाज मध्येच थांबला की माझा खडू जागीच थांबायचा. असा धसका मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा घेतला नाही.

संक्रांत झाली. पलीकडे गाड्यांवर गाड्या रिकाम्या होत होत्या आणि कापूस पत्र्याच्या वरच्या कडेला टेकला होता. एके दिवशी शिपाई नोटीस घेऊन आला म्हणून सर दाराशी गेले. काडी वाजली. सर लगेच वळले, तशी दिनकरने घाईघाईत ती मागच्या भोकातून टाकून दिली. शेजारच्या मुलाने हे नंतर सांगितलं.

सर बाकांच्या मधोमध थांबले. त्यांना वास आला असावा. "सगळे उठा. धावू नका," एवढंच ते म्हणाले. पलीकडे सरसर आवाज झाला आणि पत्र्याच्या एकेका भोकातून उजेड दिसू लागला. मुलं दाराकडे लोटली. दार आमच्या बाकाला लागूनच होतं, मीही फळ्यापासून तिथे आले. आम्ही तिघींनी भिंतीला चिकटून मुलांना वाट करून दिली आणि तशाच उभ्या राहिलो. सर अजून आत होते ना. त्यांच्या आधी कसं जायचं? आज सांगताना माझं मलाच खरं वाटत नाही, पण दुसरा विचार आमच्या मनाला शिवलाच नाही.

पत्रा वाकून शेवटच्या बाकावर आला होता आणि दिनकरचा पाय खाली अडकला होता. सर बाक उचलत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना आम्ही दिसलो. त्या वर्षात पहिल्यांदा ते ओरडले, "पोरीहो, आज माह्यामांगं नाही. माह्या अगोदर निघा."

आम्ही निघालो. बाहेर येऊन वळले तेव्हा दिनकरला दारातून ढकलणारे दोन हात मला दिसले. हात तेवढेच दिसले. मग छप्पर खाली बसलं, सर आतच राहिले.

चौकशी झाली. कोनाड्यात जळालेल्या आगपेट्या सापडल्या. आग तिथूनच लागली आणि पेट्या तिथे साठवायची खोड सरांची, असं ठरलं. आम्ही तिघींनी खरं ते सांगितलं, पण मुलींचं कोण ऐकतं. दिनकर पायाला पट्टी बांधून समोरच बसला होता, एक अक्षर बोलला नाही. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

पुढे मी त्याच गावात इतिहास शिकवू लागले. इमारत नवी होती, जवळपास कुठे कापूसही नव्हता. रीत मात्र तीच. मुली माझ्या मागे वर्गात आल्या आणि तास संपल्यावर मी निघायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "माह्या अगोदर निघा." नव्या बाई गावंढळ बोलतात म्हणून त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्या सगळ्या बाहेर पडेपर्यंत मी शेवटच्या बाकाकडे बघत आत उभी होते.